जगाची दावण

पोळ्याचा दुसरा दिवस नागपुरात लेकरांचा असतो. एकीकडे इतवारी आणि महालाच्या जुन्या वस्त्यांतून काळी आणि पिवळी मारबत ही पुतळ्यांची जोडी वाजतगाजत निघते आणि गावची इडापिडा आपल्या माथी घेऊन जळायला जाते. दुसरीकडे, दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या अमदानीपासून चालत आला असे मानल्या जाणाऱ्या तान्ह्या पोळ्यासाठी, हातात दोरी आणि दोरीच्या टोकाला चाकांवरचा लाकडी बैल, अशा थाटात पोरे घराबाहेर पडतात. गांधीबागेतल्या एखाद्या कापडाच्या पेढीच्या पायरीशी असे एक पोर येऊन उभे राहते. बैलाच्या पाठीवर जरीच्या चिंधीची झूल, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरांची माळ आणि एका चाकाची खुंटी सैल झाल्यामुळे चालीत किंचित लंगडेपण. गादीवरचे शेठजी गल्ल्यातून दहाची नोट काढून पोराच्या हातावर ठेवतात, आणि हा बोजारा खिशात घालून स्वारी पुढच्या पायरीकडे वळते. शहरातला लाकडी बैल असा वर्षागणिक सजत चालला आहे. ज्याची ती प्रतिकृती, तो हाडामांसाचा बैल मात्र खेड्यातल्या गोठ्यातूनही झपाट्याने नाहीसा होतो आहे.

ही केवळ वृद्धांची हळहळ नव्हे. सरकारी दप्तरात तिचा पुरावा आहे. जनावरांच्या खानेसुमारीचे २०१२ आणि २०१९ चे आकडे शेजारी ठेवले, तर देशातल्या गोवंशातील नर जनावरे या सात वर्षांत ६ कोटी ७९ लाखांवरून ४ कोटी ७४ लाखांवर आलेली दिसतात; त्याच मुदतीत गाई मात्र १२ कोटी ३० लाखांवरून १४ कोटी ५१ लाखांवर गेल्या. महाराष्ट्रात एकंदर गोवंश १ कोटी ५५ लाखांवरून १ कोटी ४० लाखांवर उतरला, आणि शेळ्या ८४ लाखांवरून १ कोटी ६ लाखांवर चढल्या. देशातल्या कोंबड्या ८५ कोटींपर्यंत पोचल्या, आणि त्यांपैकी ५३ कोटींहून अधिक परसातल्या नसून व्यापारी शेडमधल्या होत्या. ट्रॅक्टर आला, जमिनीचे तुकडे पडले, २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीलाही कायद्याने बंदी झाली, आणि जो बैल औताला लागत नाही व बाजारात खपत नाही, तो जन्माला येऊच नये असा हिशेब शेतकऱ्याने मनाशी बांधला. कमी झालेल्या बैलांच्या या आकड्यांमागे दावणीच्या साऱ्या अर्थशास्त्राचाच पालट आहे, आणि तो पालट एकट्या विदर्भाचा नाही. तो समजून घ्यायचा, तर आधी जुनी दावण कशावर उभी होती हे पाहिले पाहिजे.

गांधीबागेचा व्यापार कापडाचा. कापडामागे कापूस आहे, आणि कापसामागे सरकी. एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये घातला की साधारण ३४-३५ किलो रुई निघते आणि बाकी बहुतेक सरकी उरते. रुईचा प्रवास गिरणीमार्गे शेठजींच्या गादीपर्यंत होतो. सरकी मात्र घाण्याकडे वळते, तिच्यातले थोडे तेल निघते आणि जे उरते त्या चोथ्याला वऱ्हाड-नागपुरात ‘ढेप’ म्हणतात. गांधीबागेतून इतवारीकडे चालत गेले, की कापडाच्या कोऱ्या खळीचा वास मागे पडतो आणि किराण्याच्या, तेलाच्या उग्र वासांत ढेपेचा तो किंचित खवट, किंचित गोडसर वास कोठे तरी मिसळलेला लागतो. एखादा गवळी पोत्यात हात घालून ढेपेचा तुकडा काढतो, बोटांनी मोडून पाहतो, मग दाताखाली धरतो, आणि विचारतो, “माल ताजा हाय न जी?” त्याच्या म्हशीच्या दुधाचा स्निग्धांश त्या तुकड्यावर टांगलेला असतो, आणि संकलन केंद्रावरचा दर त्या स्निग्धांशावर. अशा रीतीने माणसाचे वस्त्र आणि माणसाचे दूध ही एकाच बोंडाची दोन अपत्ये होती, आणि जनावराच्या वाट्याला येत होते ते माणसाने घेऊन उरलेले.

जुन्या पशुपालनाचे सारे मर्म या एका शब्दात, ‘उरलेले’ या शब्दात, साठवलेले आहे. ज्वारीचे कणीस माणसाला, कडबा बैलाला. तुरीची डाळ माणसाला, कुटार गाईला. तेल माणसाला, ढेप म्हशीला. आणि या सर्वांच्या मोबदल्यात जनावराने द्यायचे ते श्रम, शेण, दूध आणि मेल्यावर कातडे. वर्धा जिल्ह्यातील आर्वी-कारंजाच्या टापूत नंदगवळ्यांनी जोपासलेली गवळाऊ गाय हे या व्यवस्थेचेच अपत्य. पांढऱ्या-करड्या रंगाची, उंच, सडपातळ, अंगात मांस थोडे आणि पायांत वेग फार. मराठ्यांच्या फौजांच्या सामानाला डोंगराळ मुलखातून ओढणारे बैल याच जातीचे होते असा तिचा लौकिक आहे. लांब, तलवारीसारखी शिंगे पाठीकडे टाकलेली नागपुरी म्हैसही अशीच: मुऱ्हा म्हशीच्या मानाने दूध बेताचे, पण मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला तरी कडब्यावर आणि ढेपेवर तग धरणारी.

या व्यवस्थेला दप्तरी मान्यताही होती. मध्यप्रांताच्या मालगुजारी मुलखात गावकऱ्यांनी ढोरे कोठे चारावीत, सरपण कोठून आणावे, कोणत्या तळ्यावर पाणी पाजावे, याची नोंद ‘वाजिब-उल-अर्ज’मध्ये होत असे, १९५१ साली मालगुजारी संपल्यानंतर ते हक्क निस्तारपत्रकात उतरले. सकाळी गावच्या आखरावर ढोरे गोळा होत आणि गायकी त्यांना रानात नेई. हे काम पिढ्यान्‌पिढ्या ज्या जमातीने केले, त्या गोवारींची गाठ नागपूरच्या इतिहासाशी फार दुःखद रीतीने पडली आहे: २३ नोव्हेंबर १९९४ रोजी, हिवाळी अधिवेशनाच्या काळात, अनुसूचित जमातीच्या हक्कांसाठी मोर्चाने आलेल्या गोवारींपैकी ११४ जण चेंगराचेंगरीत मृत्यू पावले, आणि त्यांचे स्मारक आज शहराच्या मध्यभागी उभे आहे. दिवाळीतल्या गायगोधनाला गोवारींचे नाच अजून होतात. गायरान मात्र कोठे अतिक्रमणात, कोठे सरकारी प्रयोजनात आटत गेले, आणि चंद्रपूरच्या बाजूला तर जंगलाच्या कडेला ढोरे घेऊन गेलेला गुराखी वाघाच्या तोंडी पडल्याच्या वार्ता नित्याच्या झाल्या. चराईचा हक्क कागदावर राहिला. चरायला भूमी उरली नाही.

आता दृष्टी जरा विस्तृत करू. १९६१ साली जगात सुमारे ७ कोटी टन मांस निर्माण होत असे. आज तो आकडा ३५ कोटी टनांच्या पुढे आहे. या अवधीत लोकसंख्या अडीच पटींहून थोडी अधिक वाढली, मांस पाच पट वाढले. दूध ३४ कोटी टनांवरून ९३ कोटी टनांपर्यंत गेले, आणि वर्षाकाठी मारल्या जाणाऱ्या कोंबड्यांची संख्या ७,००० कोटींच्या वर पोचली. १९९९ साली क्रिस्तोफर डेलगाडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या घडामोडीला ‘पशुधन क्रांती’ असे नाव दिले. हरितक्रांती पुरवठ्याच्या बाजूने, म्हणजे नव्या बियाण्यांनी आणि खतांनी घडवली होती. ही क्रांती मागणीने घडवली, शहरात आलेल्या आणि हातात चार पैसे खुळखुळू लागलेल्या माणसाच्या ताटाने घडवली, हे त्यांचे प्रतिपादन होते. चीनमधील हूपेई प्रांतात २०२२ साली डुकरांसाठी २६ मजल्यांची इमारत उभी राहिली, हे त्या मागणीचे आजचे शिखर म्हणावे लागेल. आपल्याकडे या क्रांतीने मुख्यत्वे दुधाचे आणि अंड्याचे रूप घेतले. १९५०-५१ साली देशात १ कोटी ७० लाख टन दूध होते, २०२३-२४ साली ते २३ कोटी ९३ लाख टन झाले. आणि अंड्याच्या व्यापारात १९८२ साली डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन झाली, तेव्हापासून शहरोशहरीचा अंड्याचा भाव समितीच्या रोजच्या दराकडे पाहून ठरू लागला.

या वाढीत वाईट काय, असा प्रश्न कोणीही विचारील, आणि तो रास्त आहे. ज्या देशात पोराच्या वाटीत दूध नव्हते तेथे ते आले, भूमिहीन बाईच्या शेळीला बाजार मिळाला, हे नाकारण्यात शहाणपणा नाही. प्रश्न उद्भवतो तो ‘उरलेले’ संपते तेथे. कडब्यावर जगणाऱ्या गाईचे दूध एका मर्यादेपलीकडे वाढत नाही; सहा आठवड्यांत दोन किलोंवर वजन घेणारी मांसल कोंबडी तर उकिरडा उकरून वाढणारच नाही. तिला मका लागतो, सोयाबीनची पेंड लागते, म्हणजे तिच्यासाठी मुद्दाम पेरावे लागते. जगातली जनावरे जे खातात त्याचा ८६ टक्के भाग माणसाला खाता न येणारा आहे, असा २०१७ सालच्या एका प्रसिद्ध अभ्यासाचा निष्कर्ष आहे आणि तो दिलासा देणारा आहे. परंतु तरीही जनावरांच्या खाद्यात जगातल्या एकंदर तृणधान्याचा सुमारे तिसरा हिस्सा खर्ची पडतो, आणि सोयाबीनचा तर सुमारे तीन चतुर्थांश. ब्राझीलची जंगले ज्या कुरणांसाठी तुटली, त्या कुरणांवर चरणारे बहुसंख्य पांढरे बैल ‘नेलोर’ जातीचे आहेत, आणि नेलोर म्हणजे आपल्या आंध्रातून गेलेला ओंगोल गोवंश, ज्याच्याशी आपल्या गवळाऊचे साम्य पशुतज्ज्ञांनी पूर्वीच नोंदवले आहे. आपल्याकडे गाडी ओढणारा जीव तेथे जाऊन अरण्य मागे सारण्याचे साधन झाला. दोष जनावराचा नव्हता. त्याच्यामागे उभ्या राहिलेल्या हिशेबाचा होता.

या हिशेबाचे एक टोक विदर्भाच्या काळ्या मातीत रुतलेले आहे. गेल्या चार दशकांत येथे सोयाबीनचा पेरा वाढत गेला. शेतकरी त्याला तेलबी म्हणतो, सरकारी कागदही तेलबीच म्हणतो. पण शंभर किलो दाण्यातून तेल निघते अवघे अठरा किलोंच्या आसपास, आणि बाकी बहुतेक पेंड होते, जिला बाजारात ‘डीओसी’ म्हणतात आणि जी प्रामुख्याने कोंबड्यांच्या खाद्यात जाते. म्हणजे वर्धा-यवतमाळचा सोयाबीनवाला स्वतःच्या नकळत कोंबडीसाठी शेती करतो. २०२१ च्या उन्हाळा-पावसाळ्यात सोयाबीन क्विंटलला १०,००० रुपयांपलीकडे गेले तेव्हा कुक्कुटपालकांचे कंबरडे मोडू लागले. त्यांच्या मागणीवरून ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करण्यास परवानगी दिली, आणि नवा माल मोंढ्यात येईतो भाव निम्म्याच्या घरात घसरले. दोन्ही बाजूंना शेतकरीच होते: एक दाणा विकणारा, एक दाणा विकत घेणारा. पुढे मक्यापासून इथेनॉल काढताना उरणारा चोथा स्वस्तात मिळू लागला, पेंडीची मागणी आणखी ढासळली, आणि २०२४ साली ४,८९२ रुपयांचा हमीभाव असताना शेतकऱ्याने त्याहून कितीतरी कमी दराने सोयाबीन मोजून दिले. मजा अशी, की इथेनॉलचा हा चोथाही ‘उरलेले’च, पण तो ज्या मक्यातून उरतो, तो मका मोटारींसाठी पेरलेला असतो.

चाऱ्याचा हा पहिला प्रश्न झाला; टिकाऊपणाचा दुसरा प्रश्न हवेचा आहे. गाय-म्हैस गवत खाऊन जगू शकते, कारण तिच्या चार कप्प्यांच्या पोटातील पहिल्या आणि मोठ्या कप्प्यात, ज्याला पशुवैद्य कोटीपोट म्हणतात, कोट्यवधी सूक्ष्मजीव ते गवत आंबवून देतात. माणसाला न पचणारे काष्ठमय तंतू दूध होऊन बाहेर येतात हा निसर्गाचा चमत्कारच. पण या आंबण्यात मिथेन वायू तयार होतो आणि जनावर तो ढेकरेवाटे बाहेर टाकते. शंभर वर्षांच्या मापाने हा वायू कर्बवायूच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. मात्र तो डझनभर वर्षांतच विरतो, त्यामुळे त्यात केलेली घट लवकर फळ देते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २००६ साली जगातल्या एकंदर उष्णतावर्धक वायूंत पशुधनाचा वाटा १८ टक्के सांगितला, २०१३ साली १४.५ टक्के, आणि २०२३ साली सुमारे १२ टक्के. मोजणीची रीत बदलत गेल्याने आकडे बदलले, पण ते कोणत्याही रीतीने उपेक्षणीय ठरत नाहीत. डेन्मार्कने तर २०३० पासून जनावरांच्या मिथेनवर कर बसवण्याचे ठरवले आहे. आपल्याकडे असा कर बसवणे म्हणजे दोन म्हशींच्या धन्याला दंड करणे होईल, हे खरे. परंतु एक लिटर दुधामागे निघणारा मिथेन आपल्याकडे अधिक आहे, कारण जनावरे अनेक आणि दूध थोडे, हेही तितकेच खरे.

तिसरा प्रश्न रोगाचा. हजारो जीव एका छपराखाली, एका वयाचे, एका रक्ताचे ठेवले, की आजाराला दार उघडे मिळते. भारतात बर्ड फ्लूची पहिली नोंद झाली ती महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला, फेब्रुवारी २००६ मध्ये. नागपूरकरांना त्याची धग डिसेंबर २०२४ मध्ये फार निराळ्या मार्गाने जाणवली: गोरेवाड्याच्या बचाव केंद्रातील तीन वाघ आणि एक बिबट्या याच रोगाने दगावले, आणि त्यांना दिलेल्या कोंबडीच्या मांसातून तो आला असावा असा संशय व्यक्त झाला. वाघ मरावा तो कोंबडीच्या रोगाने, हे एखाद्या कथाकाराला सुचते तर अतिशयोक्ती ठरली असती. रोग येऊ नये म्हणून औषधे आधीच चारावीत, तर जंतू त्या औषधांना सरावतात आणि ती माणसाच्याही कामातून जातात. माणसासाठी शेवटचा उपाय म्हणून राखलेले कोलिस्टिन हे प्रतिजैविक जनावरांना देण्यास २०१९ साली आपल्या सरकारने बंदी केली, ती याच भयाने.

मग मार्ग कोणता? महाराष्ट्रात या प्रश्नाची दोन उत्तरे फार पूर्वीच देऊन झाली आहेत. १९४१ साली वर्ध्यात गोसेवा संघ स्थापन झाला आणि जमनालाल बजाजांनी आयुष्याचे शेवटचे महिने त्याला वाहिले. गांधीजींच्या कल्पनेतील गोसेवेत गाईचे दूध, शेण, श्रम आणि मेल्यानंतरचे कातडे-हाड या सर्वांचा विनियोग अभिप्रेत होता, आणि त्यासाठी वर्ध्याजवळ नालवाडीला चर्मालय चालले. दुसरे उत्तर गांधीजींचेच शिष्य मणिभाई देसाई यांचे: १९६७ साली उरुळीकांचनला ‘बाएफ’ या संस्थेची स्थापना करून त्यांनी होल्स्टीन आणि जर्सी वळूंच्या रेताने संकरित गाई घडवल्या आणि पश्चिम महाराष्ट्राच्या दुधाला वेग दिला. विदर्भ त्या वेगात मागे राहिला. ती उणीव भरून काढण्यासाठी २०१६ पासून राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या साहाय्याने विदर्भ-मराठवाडा दुग्धप्रकल्प चालू आहे. सेमिनरी हिल्सवर १९५८ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे, आणि २००० सालापासून महाराष्ट्र पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही याच शहरात आहे. ज्ञानाची वाण नाही. अडचण अशी, की पुण्याच्या हवेत वीस लिटर देणारी संकरित गाय नागपूरच्या वैशाखात जीभ काढून धापा टाकते, तिला फवारे, पंखे, हिरवा चारा आणि पेंड लागते, आणि ज्याच्याकडे विहिरीचे पाणी मार्चमध्येच तळाला जाते त्याला ती दारात बांधलेले कर्ज वाटू लागते.

यातून एकच सूत्र हाती लागते, आणि ते इतवारीतल्या ढेपेच्या पोत्याइतके साधे आहे: ज्या मुलखात जे उरते, त्यावर जगेल असे आणि तितकेच जनावर. विदर्भात सरकी उरते, तुरीचे आणि हरभऱ्याचे कुटार उरते, भंडारा-गोंदियाच्या बाजूला धानाची तणस उरते. यातला बराच माल आज बांधावर जळतो किंवा कुजतो, आणि त्याच गावात पेंडीची पोती उधारीवर येतात. कुटारावर प्रक्रिया करून त्याचा कस वाढवणे, शेण उघड्यावर न टाकता गॅस संयंत्रातून नेऊन मग शेतात घालणे, गवळाऊ आणि नागपुरी म्हशीतली निवडक जनावरे हेरून त्यांच्याच रक्तातून दूध वाढवणे, आणि गावच्या नकाशात जे गायरान अजून शिल्लक असेल त्याला कुंपण घालून तेथे गवत वाढू देणे, ही कामे भाषणात शोभून दिसत नाहीत, पण यांतले एकही अशक्य नाही. अर्थात, याने प्रत्येकाच्या ताटात रोज मांस आणि प्रत्येकाच्या पेल्यात लिटरभर दूध येणार नाही. उरलेल्याला मर्यादा असते, आणि खाणाऱ्याने ती मर्यादा मानली नाही, तर गोठ्यातल्या कोणत्याही सुधारणेला अर्थ राहत नाही. शहरातला माणूस या हिशेबातून सुटू शकत नाही, तो येथे.

संध्याकाळी गांधीबागेतल्या पेढ्या वाढवल्या जातात, पोरे बोजाऱ्याच्या नोटा मोजत घरी परततात, झूल आणि घुंगरांची माळ उतरवून ठेवली जाते, आणि लंगडणारा लाकडी बैल पुढच्या पोळ्यापर्यंत माळ्यावर चढतो. त्याला वर्षभर वैरण लागत नाही. त्याच वेळी शहराबाहेरच्या एखाद्या गोठ्यात इतवारीतला तो गवळी ढेप भिजत घालतो, कडब्याच्या पेंढ्या मोजतो आणि उरलेल्या पेंढ्या किती दिवस पुरतील याचा अदमास घेत दिवा मालवतो.